पाचवा फर्मा

"काका, हे पुस्तक चुकीचं शिवलंय," बाइंडर म्हणाला, आणि मला आधी राग आला तो त्याच्या काका म्हणण्याचा. पन्नाशीचा तरी असेल, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, नखांत खळ वाळून बसलेली. मी त्याच्याकडे आलो होतो आमच्या त्रैमासिकाचे सगळे अंक बांधून घ्यायला. एका कॉलेजच्या ग्रंथपाल बाईंना ते हवे होते, पाच खंडांत, वर सोनेरी अक्षरं. आणि अंकांबरोबर हे एक पुस्तक. त्याची पहिली आवृत्ती माझ्याशिवाय कुणाकडे उरलेली नाही. आमच्या अंकातलं त्याचं परीक्षण आणि हे पुस्तक त्या बाई शेजारी शेजारी काचेच्या कपाटात ठेवणार होत्या, आणि माझ्याकडून दोन पानं प्रस्तावना मागत होत्या. शिवण कुजून पानं सुटायला आली होती, म्हणून मी म्हटलं, हेही जरा नीट करून द्या. "चुकीचं म्हणजे?" मी विचारलं. त्याने चष्मा चढवला आणि पुस्तकाच्या मधल्या पानाच्या तळाशी बोट ठेवलं. "सोळा पानांचा एक फर्मा. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानावर खाली बारीक आकडा असतो. हा आमच्यासाठी असतो, शिवणाऱ्यासाठी. वाचणाऱ्याचा त्याच्याशी संबंध नाही. आता बघा, चार. मग पाच यायला हवा तर आलाय सात. मग सहा. मग पाच. मग आठ. पाचवा आणि सातवा उचलताना गठ्ठे बदलले कुणीतरी." तो हे ज्या आवाजात बोलला त्या आवाजात माणूस शर्टाचं बटण तुटलंय असं सांगतो. "आणि तुम्हीच इथे पेन्सिलीने गोल केलाय की," तो म्हणाला. "तुम्हाला दिसलं होतं तर."

मला दिसलं होतं. सातचा तो एकटा आकडा दिसला होता आणि मी त्यावर लिहिलंही होतं. ते वाक्य मला पाठ आहे, कारण माझी सगळीच वाक्यं मला पाठ आहेत, हा माझा दोष आहे: 'या पुस्तकाला पृष्ठक्रमांक नाहीत, कारण या घरातले दिवस आता मोजता येत नाहीत, क्वचित पानाच्या तळाशी एखादा एकाकी आकडा उगवतो, आणि तोही चुकलेला.' चाळीस वर्षांपूर्वी हे लिहून झाल्यावर मी उठून खिडकीपाशी गेलो होतो आणि स्वतःवर इतका खूश झालो होतो, की काही वेळ मला बसवेना. "दोरा तसाही गेलाय," बाइंडर सांगत होता. "सगळं सोडवतो आणि नंबराप्रमाणे लावून शिवतो. की आहे तसंच शिवू?" त्याला घाई नव्हती, पण उत्तर हवं होतं. मी म्हटलं, "दोरा फक्त सोडवा. फर्मे मी घेऊन जातो. उद्या सांगतो." त्याने ब्लेडने चार टाके कापले. नऊ फर्मे सुटे झाले. ते त्याने सवयीने क्रमाने लावले, वर-खाली पुठ्ठा ठेवला, सुतळी बांधली. चाळीस वर्षं जे होतं ते नीट व्हायला अर्धं मिनिटही लागलं नाही.

रस्त्यावर आलो. ऊन होतं, माणसं आपापल्या कामाला चालली होती, आणि मी गठ्ठा छातीशी धरून एका औषधाच्या दुकानाच्या पायरीशी उभा राहिलो. आमच्या त्रैमासिकाचे वाचक तीनशे. तीनशेच्या वर कधी गेले नाहीत आणि आम्हाला त्याची फुशारकी होती. पण त्या तीनशेंतले दोनशे तरी बोलणारे होते. शिकवणारे, रेडिओवर बोलणारे, रविवारच्या पुरवण्या भरणारे. आमच्या अंकात जे एकदा छापून येई ते वर्षभरात वर्गांतून आणि भाषणांतून फिरून, ज्यांनी आमचं नावही ऐकलं नव्हतं त्यांच्या तोंडी जाऊन बसे. मी या पुस्तकावर चार पानं लिहिली आणि लेखिकेच्या शैलीला 'तुटती सांधणी' असं नाव दिलं. वाक्य मध्येच तुटतं आणि दुसऱ्याच दिवसात उघडतं. पुस्तकात अशा चार जागा होत्या. दोन ठिकाणी जोड बेमालूम होता. उरलेल्या दोन ठिकाणी वाक्य धड लागतही नव्हतं, तिथे मी 'अर्थाने स्वतःहून पत्करलेलं मौन' असं काहीतरी ठोकून दिलं. पुढची पंधरा वर्षं तरुण लेखक मुद्दाम वाक्यं तोडत होते. परीक्षेला प्रश्न येत होता, 'तुटती सांधणी म्हणजे काय ते सोदाहरण स्पष्ट करा.' माझ्या भाचीने तो प्रश्न सोडवलाय. तिला दहापैकी सात मिळाले होते आणि मी तिला उरलेले तीन का गेले ते समजावून सांगितलं होतं.

आणि उदाहरण सगळीकडे एकच. एका मुलीची आई जाते आणि घर मुलीवर पडतं, एवढीच त्या पुस्तकाची गोष्ट. त्यातलं ते वाक्य: 'त्या दिवशी सकाळी आई उठलीच नाही, आणि मी तिच्या पुढ्यात बसून वेणी घालून घेत होते.' आई मेलेली आहे आणि पुढच्याच शब्दाला ती मुलीचे केस विंचरते आहे. मी लिहिलं होतं की या पुस्तकात मरणाचा हुकूम चालत नाही. लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं ते वाक्य वाचून. माझ्याही आलं होतं. आता मला कळत होतं, की 'आणि मी'पाशी चौथा फर्मा संपतो, आणि 'तिच्या पुढ्यात'पासून सातवा सुरू होतो. मला छापखान्यात पाऊल टाकायची सवय नव्हती. छपाई, कागद, शिवण ही आमच्यातल्या दुसऱ्या कुणाची कामं. मी लिहिणारा होतो.

पण एका माणसाने मला सांगितलं होतं, आणि पायरीशी उभं असताना खरं खुपत होतं ते हे. आमची बैठक दर रविवारी आमच्याच घरी, बाहेरच्या खोलीत भरे. संपादक, ज्यांना आम्ही मास्तर म्हणायचो, खुर्चीत. बाकीचे खाली सतरंजीवर. बायको आतल्या खोलीत अंकांच्या वेष्टनांवर पत्ते लिहीत बसे. अक्षर तिचं सुंदर, म्हणून ते काम तिच्याकडे गेलं होतं, आणि तिच्याकडेच राहिलं. ती तेव्हा वाचायची. मी परीक्षणाला आणलेलं प्रत्येक पुस्तक माझ्यामागून वाचायची. हे वाचून झाल्यावर ती म्हणाली, "अहो, हे पुस्तक उलटसुलट शिवलंय का? बाही उलटी लागल्यासारखं वाटतंय." ती शिवणकाम करायची. मी हसलो. तेवढ्यावर भागलं असतं, पण रविवारी बैठकीत मी ते सांगितलं, तिच्या आवाजाची नक्कल करून. मास्तर हसता हसता खोकायला लागले. तिथून पुढे कुणाला एखादं नवं पुस्तक झेपलं नाही की आमच्यात म्हणायचे, 'बाही उलटी लागली वाटतं.' ती चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली होती, आणि सगळे एकदम गप्प झाले होते, आणि एकाला गप्प राहणं जमलं नाही. तिने कप खाली ठेवले. कुणाला किती साखर हे तिला पाठ होतं, तसेच ठेवले. त्यानंतर तिने माझ्या टेबलावरचं पुस्तक उचललेलं मला आठवत नाही. हे माझ्या लक्षात यायला किती वर्षं गेली असतील? खरं सांगायचं तर आज सकाळपर्यंत.

पाय घराकडे वळेनात. लेखिकेचा पत्ता मला ठाऊक होता, कारण अकरा वर्षं तो बायकोच्या अक्षरात वेष्टनांवर पाहिला होता. ती आमची वर्गणीदार होती. पण मी तिच्याशी आयुष्यात एकदाच, तेही दारात उभ्या उभ्या, बोललो होतो. आमच्याकडे दोन नियम होते. परीक्षणाखाली सही नाही, आणि ज्याच्या पुस्तकावर लिहायचं त्याला भेटायचं नाही, लिहिण्याआधी नाही आणि नंतरही नाही. मास्तर म्हणायचे, ओळख झाली की लेखणी मऊ पडते. हा नियम मी इतका कडक पाळला की एका लग्नात ती समोरून येताना दिसली तेव्हा मी जेवायचं सोडून बाहेर पडलो होतो. मात्र परीक्षण छापून आल्यावर काही महिन्यांनी ती एकदा आमच्या दारात आली; सही नसली तरी परीक्षण कुणाचं हे बाहेर कळलेलं होतं. तीसेक वर्षांची, सडपातळ, हातात पिशवी. म्हणाली, "तुमच्याकडची माझ्या पुस्तकाची प्रत दोन दिवस मिळेल का? मोठे प्रकाशक दुसरी आवृत्ती काढतायत, आणि माझ्याकडे एकही राहिलेली नाही." मी आत न बोलावता प्रत आणून दिली. स्वतःच्या पुस्तकाची स्वतःकडे प्रत नाही, या बेफिकिरीचं मला कोण कौतुक वाटलं. तिसऱ्या दिवशी प्रत परत आली, वर्तमानपत्रात नीट गुंडाळून. दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा मी ती चाळली. सगळं माझ्या प्रतीसारखंच होतं. मग मला शंका तरी का यावी?

तिचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दर मजल्याला टेकत वर गेलो. तिनेच दार उघडलं. केस पांढरे, कापलेले. डोळ्यांवर जाड काच. माझ्याकडे आणि मग गठ्ठ्याकडे बघत ती म्हणाली, "तुम्ही ते त्रैमासिकवाले. या. नियम मोडलात?" मी आत गेलो. एक पलंग, एक टेबल, खिडकीत वाळत घातलेला टॉवेल, भिंतीला लागून पुस्तकं. फार नव्हती. तिने पाणी दिलं. मी सुतळी सोडून फर्मे टेबलावर पसरले आणि पाचवा आणि सातवा तिच्याकडे सरकवले. काय विचारायचं ते जिन्यात तीनदा जुळवलं होतं, पण तोंडातून एवढंच आलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"अंक हातात पडला त्याच दिवशी," ती म्हणाली. तिने फर्म्यांना हात लावला नाही. "आधी वाटलं, दुसऱ्या कुणाच्या पुस्तकावर लिहिलंय आणि नाव चुकून माझं पडलंय. मग ते वाक्य दिसलं. मग मी माझी प्रत काढून फर्मे मोजले, त्यातही तेच. छापखाना आमच्या ओळखीचा होता, मी शिवण बघितलेली होती. पानांवर आकडे नव्हते ना, म्हणून कुणाला कळलं नाही. ते लोक तेव्हा कॅलेंडरं छापत होते, आकड्यांचे सगळे खिळे तिकडे अडकले होते. खिळे जुळवणारा जुळारी मला म्हणाला, बाई, आकडे हवे असतील तर दोन महिने थांबा. मला थांबवत नव्हतं."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"कसं सांगणार? तुमच्याकडे भेटायची बंदी. पत्र लिहिलं होतं, फाडलं." ती जरा हसली. "अहो, तुम्ही चार पानं लिहिली होतीत. माझ्या सख्ख्या भावाने ते पुस्तक उघडलं नव्हतं. आणि तुम्ही चार पानं लिहिलीत, एकेका वाक्यावर थांबून. मी कोणत्या तोंडाने कळवू, की तुम्हाला जे आवडलंय ते मी लिहिलेलंच नाही?"

खाली कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. "आणि अजून एक," ती म्हणाली. आता ती माझ्याकडे बघत नव्हती. "ते पुस्तक माझ्या आईचंच होतं, हे तुम्ही ओळखलं असेलच. तिला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. ते मी लिहिलं ते ती गेली हे स्वतःला समजावून सांगायला. माझ्या पुस्तकात आई मरते आणि मेलेलीच राहते. मग आत्या राहायला येते. वेणी आत्या घालते. तिचा हात जड होता, केस ओढले जायचे, पण मी काही बोलायची नाही. तुम्ही ती वेणी आईच्या हाती दिलीत. महिनाभर मी तुमच्या क्रमाने वाचत होते. रोज. ती मरायची आणि लगेच माझ्यामागे येऊन बसायची. ते मला काढून टाकवेना. मग प्रकाशक आला. त्याला तुमच्या परीक्षणातलं पुस्तक हवं होतं, माझ्याकडे माझं होतं, हस्तलिखितातलं. म्हणून तुमची प्रत न्यायला आले."

"आणि तुमची?"

"दिली कुणाला तरी. मग परत मागायची लाज वाटली. बाकीचे गठ्ठे छापखान्यातच होते, पाण्याची टाकी फुटली त्यात गेले."

मी तिच्या पुढच्या पुस्तकांबद्दल विचारलं. चार आली होती, चारही आमच्या वळणाची. पहिल्या दोन्हींची आम्ही वाहवा केली. तिसऱ्यावर मीच लिहिलं की शैली आता सवय होऊ लागली आहे. चौथ्याच्या वेळी आम्ही बंद पडलो होतो. ती म्हणाली, "ती तुमच्या अंकासाठी लिहिली. लिहायला बसले की आधी सरळ वाक्य यायचं. मग मी ते तोडायची. पुढे पुढे सरळ यायचंच बंद झालं. मग लिहिणं बंद केलं." हे तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही, आणि त्यामुळे मला ते फार लागलं. मला वाटत होतं की मी तिला शोधून काढलं. मास्तरांच्या शोकसभेत मी तसं बोललोही होतो: आमच्या अंकाने फार काही केलं नसेल, पण एक लेखिका दिली. मी माफी मागायला तोंड उघडलं. तिने हात वर केला. "माफी नको. रागही नाही, रागाचं वय गेलं. एवढंच करा. घरी जाऊन हे नंबराप्रमाणे वाचा. तसं ते जुळाऱ्याशिवाय कुणी वाचलेलं नाही, आणि त्याला वाचायला वेळ नव्हता."

"बाइंडर विचारतोय, कसं शिवायचं."

"वाचल्यावर सांगा त्याला," ती म्हणाली आणि माझ्या रिकाम्या पेल्याकडे बघून उठली. "पाणी अजून हवंय?"

घरी आलो तेव्हा चार वाजले होते. बायको पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. "इतका वेळ?" तिने विचारलं, आणि माझा चेहरा बघून, "बरं नाही का?" मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो. हे सरळ सांगायचं, एकही वाक्य सजवायचं नाही, असं बसमध्ये ठरवलं होतं. "बाही उलटीच लागली होती," मी म्हटलं. "पाचव्याच्या जागी सातवा फर्मा होता. तू बरोबर होतीस. मी ते रविवारी सगळ्यांना सांगून तुझं हसं केलं." तिने विचारलं नाही की कुठल्या पुस्तकाची बाही. हातातल्या शर्टाची घडी तिने पूर्ण केली, ठेवली, वर हात फिरवला. "मला इतकी वर्षं वाटत होतं, मलाच कळत नाही," ती म्हणाली. "मी म्हटलं, आपल्याला नाही जमत तर कशाला वाचा. पत्ते लिहिलेले बरे." तिने माझ्या मांडीवरच्या गठ्ठ्याकडे बोट केलं. "तेच का? माझे डोळे आता चालत नाहीत बारीक अक्षरावर. तुम्ही वाचा."

मी वाचायला लागलो. पहिले चार फर्मे मला जवळजवळ पाठ होते, आणि तरी ते मी असे कधी वाचले नव्हते, कारण आधी मी ते त्या एका वाक्याकडे धावत वाचायचो. आता धावायला काही नव्हतं. घर, आई, तिचं भांडी पालथी घालणं, दुपारी तिचं जमिनीवर आडवं होणं. बायको घड्या घालत ऐकत होती. एकदा म्हणाली, "सावकाश." एकदा दिवा लावायला उठली. चौथ्या फर्म्याचं शेवटचं पान आलं. कडेला पेन्सिलीने माझीच खूण होती, दोन उभ्या रेघा आणि एक उद्गारचिन्ह. 'त्या दिवशी सकाळी आई उठलीच नाही, आणि मी.' मी थांबलो. पान उलटून पाचवा फर्मा हातात घेतला. त्याचं पहिलं वाक्य मी पूर्वी शंभर वेळा वाचलं होतं, पण तेव्हा ते सहाव्या फर्म्याच्या शेवटी आत्या कंगवा घेऊन बसते त्याच्या पाठी येई, आणि मला ते घरकामातलं किरकोळ वाक्य वाटे. त्यावर मी एक अक्षर लिहिलं नव्हतं. आता ते मी त्याच्या जागी, मोठ्याने वाचलं.

'त्या दिवशी सकाळी आई उठलीच नाही, आणि मी आधी दूध उतरवून ठेवलं.'

बायकोचे हात थांबले. ती म्हणाली, "मीही तेच केलं असतं." मला पुढची ओळ लगेच दिसेना. मी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि ती वाट बघतेय हे पाहून पुढे वाचायला लागलो.